पुढची जागा

मॉरिशसला म्हणे समुद्राचं पाणी इतकं स्वच्छ असतं, की गळ्याएवढ्या पाण्यात उभं राहिलं तरी आपल्या पायाची नखं दिसतात. त्या रविवारी सकाळी अर्ध्या तासात मी हे चार वेळा ऐकलं. सांगणारे जयसिंगराव नुकतेच तिथं आठ दिवस राहून आले होते आणि आता मुळशीच्या तलावात, काठाशी, स्वतःची नखं शोधत उभे होते. नखं सोडा, त्यांना गुडघेसुद्धा दिसत नव्हते.

"आमच्याकडे गाळ असतो," मी म्हटलं. "पाणी त्याच्यावर असतं."

ते हसले नाहीत. माझ्या बोलण्यावर लोक सहसा हसत नाहीत, आणि मला त्याची सवय आहे.

ही सगळी हौस हैबतरावांची. पुण्यात त्यांचा गुळाचा मोठा व्यापार आणि कासार आंबोलीला शनिवार-रविवारचा बंगला. जयसिंगराव त्यांचे मेहुणे. मेहुणे परदेशी बेटावर जाऊन आले, रंगीत फोटो दाखवून घरादाराला जळवून गेले, तेव्हापासून हैबतरावांच्या पोटात दुखत होतं. "त्यात काय मोठंसं, बेटावरची सहल मी इथंच करून दाखवतो," असं ते बोलून बसले. तलावाच्या मधोमध एक टेकाड आहे. उन्हाळ्यात पाणी कितीही उतरलं तरी त्याच्या चारी बाजूंनी पाणी राहतंच. आम्ही त्याला नुसतं टेकाड म्हणत आलो. हैबतरावांनी एका दिवसात त्याचं बेट केलं. ट्रकच्या चाकांच्या सहा ट्यूबा आणल्या, पोहायचे कपडे आणले, मटणाचं पातेलं आणलं, आणि बेट म्हटलं की नारळ हवेत म्हणून जयसिंगरावांनी मंडईतून पोतंभर शहाळी आणली.

होडी गेणबाची. तलावावर माणसं नेणारी तेवढी एकच होडी होती. आणि होडीबरोबर मी.

मी का, ते सांगते. मी केशर, काठावरच्या माले गावची, पलीकडच्या काठावरच्या वाडीत चौथीपर्यंत शाळा आहे तिथली शिक्षिका. रस्त्यानं जायचं तर तलावाला वळसा घालण्यात अर्धा दिवस जातो, म्हणून रोज गेणबाच्या होडीनं जाते. पावसाळ्यात तलाव तुडुंब असतो तेव्हा काही अडचण नाही. पण पुढे विजेसाठी पाणी सोडत जातात, तलाव उतरतो, आणि होळी झाली की बुडालेलं सगळं वर यायला लागतं. जुन्या झाडांचे बुंधे, शेतांचे बांध, घरांची जोती. अगदी बाहेर नाही येत, पाण्याखाली वीतभर राहतं. म्हणजे दिसत नाही आणि होडीला मात्र लागतं. गेणबा मागे बसून वल्हवतो. त्याच्यापुढे माणसं, बोचकी, कधी शेळ्या. त्याला समोरचं पाणी कसं दिसणार? म्हणून एका माणसानं होडीच्या पुढच्या टोकाशी बसायचं, पाण्याचा रंग बघायचा आणि ओरडून सांगायचं, "डावं", "उजवं", "थांब".

ती जागा माझी होती. माझ्याआधी माझ्या वडिलांची, भैरूची. ह्या शाळेतल्या पहिल्या दिवशी मी होडीत पाय ठेवला तेव्हा गेणबा म्हणाला होता, "भैरूची लेक न्हवं तू? मग पुढं बस." माझा ऊर भरून आला होता. आम्ही बौद्ध. गावानं आमच्या वस्तीला आपणहून दिलेली जागा मी तोवर पाहिली नव्हती. विहिरीवर नव्हती, पंगतीत नव्हती, आणि देवळातल्या जागेची आम्हाला गरज उरली नव्हती. होडीतली ही एक जागा मात्र बोलावून दिलेली. नऊ वर्षं मी ती सांभाळली. एरवी माझे पाय एका ठिकाणी ठरत नाहीत, पण त्या टोकाशी मी पाऊण पाऊण तास डोळ्याची पापणी न लववता बसत असे.

तर त्या रविवारीही गेणबानं निरोप पाठवला होता. "पानी लई खाली गेलंय. पुण्याची मान्सं हायेत. बाई, तुमी पुढं पायजे. इशूलाबी आना." विशू म्हणजे माझी मुलगी विशाखा, अकरा वर्षांची. तिच्यासाठीच मी लगेच हो म्हटलं. माझ्या मुलीनं एक दिवस पाण्यात नुसतं खेळावं, एवढीच माझी इच्छा होती. आम्ही पाण्यात उतरलो ते कायम कामाला. धुणं, म्हशी, नाहीतर पलीकडे जायचं. ट्यूबवर उताणं पडून आभाळाकडे बघत तरंगणं हे आमच्या घरात कुणीच केलेलं नव्हतं.

आम्ही सगळे मिळून बाराजण होतो. मधल्या फळीवर छत्री उघडून हैबतरावांच्या आई बसल्या, तुळजाबाई. पंच्याहत्तरीच्या, पण कणा ताठ. त्यांचं माहेर ह्याच तलावाखाली गेलेलं. बाकी सुना, पोरं, पिशव्या, पातेलं. विशू माझ्या पाठीशी चिकटून बसली. मी "डावं" म्हटलं की ती हळूच "डावं" म्हणायची. तिला सगळे बुंधे पाठ होते, वहीत काढून दाखवायची कुठे कोणता ते. मला त्याचं फार कौतुक वाटे.

बेटावर पोहोचलो आणि एकदम धांदल उडाली. पोरांनी ट्यूबा पाण्यात फेकल्या. जयसिंगरावांनी मॉरिशसहून आणलेला काचेचा मुखवटा डोळ्यांवर चढवला, पायांत बदकासारखे रबरी पंजे घातले आणि मासे बघायला पाण्यात तोंड घातलं. वर आले ते मिशीला शेवाळ घेऊन. "व्हिजिबिलिटी कमी आहे," म्हणाले. विशूनं सुरुवातीला बुजल्यासारखं केलं, मग हैबतरावांच्या नातीनं तिचा हात ओढला आणि दोघी एकाच ट्यूबवर चढल्या. उलटल्या, पुन्हा चढल्या. तिच्या किंचाळ्या मला टेकाडाच्या माथ्यावर ऐकू येत होत्या. मला इतकं बरं वाटलं की मी चक्क खाली बसले.

तुळजाबाई करवंदीच्या जाळीच्या सावलीला होत्या. त्यांनी मला हाक मारली आणि शहाळं फोडलेलं होतं त्यातलं खोबरं माझ्या हातावर ठेवलं.

"कुनाची गं तू?"

"भैरूची. माल्याच्या."

"भैरू? कोंडाजीचा ल्योक?"

"हो. कोंडाजी माझे आजोबा." मला आनंद झाला. आजोबांना ओळखणारं माणूस भेटणं आमच्याकडे सोपं नाही. मी बोलायला लागले की थांबत नाही, तशी सुटलेच. सांगितलं, की वडीलसुद्धा ह्याच होडीत पुढे बसत. लोक त्यांना होडीचे डोळे म्हणायचे. एकदा उन्हाळ्यात बुंधा चुकला, होडीला धक्का बसला, वडील उडून त्याच बुंध्यावर आदळले आणि उजवा खांदा मोडला. तो कधी नीट बसलाच नाही. मरेपर्यंत त्यांचा हात कानाच्या वर गेला नाही. पण होडी वाचली, माणसं वाचली, हे ते प्रत्येकाला सांगायचे. मीही वर्गात मुलांना सांगते. "आणि पोहायचं म्हणाल तर आमच्या घरात सगळ्यांना येतं," मी म्हणाले. "कमरेला भोपळा बांधून सहाव्या वर्षी शिकवलं मला वडिलांनी. म्हणायचे, आपल्या घरातल्याला पोहता आलंच पाहिजे."

तुळजाबाईंनी मान हलवली. "येनारच की. त्याबिगर भागायचंच न्हाई तुमचं."

"म्हणजे?"

"अगं, मी ल्हान व्हते तवा हितं तलाव न्हवता, नदी व्हती. नदीतबी खडक. पुढं तुमच्यातलाच मानूस बसवायचा, त्ये ठरल्यालंच. होडी खडकाला लागली की पैला पुढचा पडतो न्हवं? आमच्यातला कसा बसवनार? आन पडला तर त्याला हात कुनी द्यायचा? तवा शिवाशिव लई. आपला आपुन पोहून काठाला लागायचा. म्हून पोहनारा बघून बसवायचा. तुझा आजा पट्टीचा पोहनारा व्हता. मी बघितलाय ना. दोनदा पडला माज्या देखत, दोनदा आला बाहीर."

त्यांच्या आवाजात काही वाईट नव्हतं. पूर्वी भाकरीला पीठ कसं मळायचे, ते सांगावं, तसं सांगत होत्या. त्यांनी दुसरा तुकडा पुढे केला. "खा की. ग्वाड हाय."

खोबरं माझ्या तोंडात होतं, ते मला गिळता येईना. थुंकताही येईना. मी उठले.

त्या टेकाडाला मी किती फेऱ्या घातल्या ते मला सांगता येणार नाही. माथा लहान, पाचशे पावलांत एक फेरी होते. ऊन डोक्यावर होतं आणि चपलेत खडे शिरत होते. कुणी तरी मला जेवायला बोलावलं, मी नंतर म्हटलं. मटणाचा वास सगळीकडे भरला होता आणि जयसिंगराव कुणाला तरी सांगत होते, की मॉरिशसला मासा केळीच्या पानात भाजतात. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. मी पहिल्या दिवशी खूश झाले होते. कुणी मला वाईट वागवलं असतं तर मी भांडले असते, आजवर पुष्कळ भांडलेय, बदली ओढवून घेतलीय. पण इथं मी हसत हसत जाऊन बसले, आणि वर नऊ वर्षं तोऱ्यात बसले. ह्याचा राग कुणावर काढायचा तेच मला कळेना.

गेणबा होडीजवळ ओल्या फडक्यानं डोकं झाकून पडला होता. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"मामा, पुढच्या जागेवर आमच्याच घरातला माणूस का?"

तो उठून बसला. "का म्हंजे? भैरू बसत व्हता. त्याच्या आदी कोंडाजी."

"तेच विचारतेय. का? रोज बारा-पंधरा माणसं असतात. डोळे सगळ्यांना आहेत. तुमचा भाऊ असतो, त्याला का नाही बसवत?"

"त्याला पोहता येत न्हाई, बाई."

"मग शिकवा."

गेणबानं डोक्यावरचं फडकं काढलं, पिळलं, परत डोक्यावर ठेवलं. साठीचा माणूस. मला कधी उलट बोललेला नाही. वाडीत मला ताप आला तेव्हा ह्यानंच भर वादळात होडी घालून मला पौडच्या दवाखान्यात नेलं होतं. "आमच्या बानं जसं दावलं तसं मी करतुया," तो शेवटी म्हणाला. "मी कवा इचारच न्हाई केला. आन तुमालाबी आवडतं ना तितं बसाया? मला वाटलं, आवडतं."

आवडत होतं. हेच तर माझं दुखणं होतं.

तीन वाजून गेल्यावर पश्चिमेचा वारा सुटला. एप्रिलच्या शेवटी दुपारी तो घाटावरून उतरतो आणि तासाभरात तलावावर लाटा उठवतो. गेणबानं आभाळाकडे बघितलं आणि सगळ्यांना हाका मारल्या. "चला, चला. आता हितं थांबायचं न्हाई." पोरं ट्यूबा सोडायला तयार नव्हती. ओले कपडे, उष्टी पातेली, शहाळ्यांच्या करवंट्या, सगळं होडीत कोंबलं. तुळजाबाई मधल्या फळीवर बसल्या. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

गेणबा वल्हं धरून थांबला. "बाई, पुढं."

"नाही."

"आवो, वारं सुटलंय. लाट आली म्हंजे पान्याचा रंग कळत न्हाई. तुमच्याबिगर—"

"मी आज पाहुणी आहे. दुसरं कुणी बसवा."

पुण्याच्या लोकांना काय चाललंय ते कळेना. वारा वाढत होता, होडी किनाऱ्याच्या दगडांवर आपटत होती, आणि माझे पाय फळीखाली आपोआप हलत होते. तेवढ्यात माझ्या बाजूनं काही तरी सरकलं. विशू. ती पिशव्यांवरून पुढे गेली आणि टोकाशी मांडी घालून बसली. ओले केस पाठीवर टाकलेले, मान पुढे काढलेली, अगदी माझ्यासारखी.

"मी बसते, मामा. मला येतं."

"बस, पोरी," गेणबा म्हणाला, आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

मी जागा सोडली म्हणजे ती रिकामी राहील, असं मला वाटलं होतं. ती माझ्या मुलीकडे जाईल, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. आणि कुणी तिला बसवलंही नव्हतं. ती आपली आपण गेली होती, मी तिला नऊ वर्षं जे कौतुकानं शिकवलं त्या जोरावर.

मी दोघांतिघांच्या मांड्यांवर पाय देत पुढे गेले आणि तिचा दंड धरून ओढलं. फार जोरात ओढलं.

"आई! मला येतं गं! मला सगळं पाठ आहे!"

"उठ."

"आजोबापण बसायचे ना?"

"म्हणूनच उठ."

ती रडायला लागली. सगळ्यांसमोर, नुकत्याच झालेल्या मैत्रिणीसमोर. दिवसभराचा तिचा आनंद मी एका झटक्यात संपवला, आणि त्याचं वाईट वाटायलाही मला वेळ नव्हता. मी तिला मधल्या फळीवर तुळजाबाईंच्या आणि माझ्यामध्ये घट्ट दाबून बसवलं आणि मोठ्यानं म्हटलं, "माझी मुलगी तिथं बसणार नाही. मीही बसणार नाही. ज्याला घरी जायचंय त्यानं बसावं."

गेणबानं होडी सोडली नाही. पुढचं माणूस असल्याखेरीज तो सोडणारच नव्हता. सुनांपैकी एकीनं पोराला पोटाशी धरलं. जयसिंगरावांनी मुखवटा पिशवीत नीट ठेवला आणि दुसरीकडे बघितलं. शेवटी हैबतराव उठले. "एवढंच ना? मी बसतो. त्यात काय विशेष आहे? मुंबईला असताना मी समुद्रात होड्या चालवल्यात." ते भले गृहस्थ आहेत, हे मला मान्यच करायला हवं. ते पुढे जाऊन बसले, डोळ्यांवर काळा चष्मा लावून.

"चष्मा काढा, साहेब," गेणबा म्हणाला. त्यांनी काढला.

अर्धं अंतर बरं गेलं. मी मधून मान उंच करून बघत होते आणि हैबतरावांच्या आधी सांगत होते, "डावं घ्या, बांध आहे." ते "डावं!" असं ओरडायचे, जसं काही त्यांनाच दिसलंय. सगळ्यांना जरा हसू आलं. विशू मुसमुसत होती. मग आम्ही जुन्या आमराईवर आलो. तिथं पाच बुंधे आहेत, त्यांतला एक मोठा, वरून फुटलेला, धारदार. उन्हात त्याच्यावरचं पाणी पिवळट दिसतं.

मला ते पिवळट पाणी दिसलं का? पुष्कळांनी विचारलं, मी स्वतःला तर रोज विचारते. खरं ते सांगते. दिसलं. मी ओरडलेही. पण लगेच नाही. मधे एक श्वास गेला, आणि त्या एका श्वासात मी काय करत होते हे मला आजही ठाऊक नाही.

"उजवं!"

होडी धाडकन थांबली. बायका किंचाळल्या, शहाळी गडगडली आणि पुढच्या टोकाशी कुणीच नव्हतं. मग होडीपासून हातभर अंतरावर हैबतराव वर आले, गालावरून रक्त वाहतंय, डोळे उघडे पण नजर कुठेच नाही. आणि परत खाली गेले. त्यांना पोहता येत असेल, पण डोक्याला मार बसला होता. गेणबा वल्ह्यानं होडी बुंध्यावरून काढायच्या खटपटीत होता, नाहीतर होडीच उलटली असती. बाकी सगळे जागच्या जागी.

मी उडी मारली. विचार करून नाही. साडी पायांत गुंडाळली, नाकातोंडात गाळ गेला, हाताला त्यांचा सदरा लागला, मी गच्च धरला. त्यांच्या काखेत हात घालून त्यांना वर काढलं आणि होडीच्या काठापर्यंत आणलं. वरून सगळ्यांनी हात दिले. पहिला हात तुळजाबाईंचा होता, आणि त्यांनी आधी लेकाला धरायचं सोडून चुकून माझंच मनगट धरलं. सोडेनातच.

हैबतरावांना फळीवर आडवं केलं. कुणी पदर फाडला, कुणी गालाला दाबून धरला, पोरं रडायला लागली. जयसिंगराव "बाप रे, बाप रे" एवढंच म्हणत होते. अजून निम्मं पाणी जायचं होतं. मी ओल्या साडीनिशी पुढे जाऊन बसले. दुसरं कोण बसणार होतं? होडीत माझी मुलगी होती. काठ लागेपर्यंत मी "डावं" आणि "उजवं" म्हणत राहिले.

पौडला त्यांच्या गालाला चार टाके पडले. निघताना त्यांनी माझे हात धरले. "बाई, तुम्ही नसता तर मी गेलो होतो." त्या एका श्वासाबद्दल मी त्यांना सांगू शकले नाही. सांगायला हवं होतं की नव्हतं, हे माझं अजून ठरत नाही.

पुढचे तीन दिवस मी शाळेत गेले नाही. एक मेच्या निकालाचं काम घरी बसून करते असं कळवलं. काम कसलं, उठत होते आणि बसत होते. विशू माझ्याशी कामापुरतं बोलत होती. एकदा तिनं विचारलं, "मी कुठे चुकले होते का गं?" मी तिला सगळं सांगितलं, तुळजाबाईंनी मला सांगितलं तसंच. तिनं ऐकून घेतलं. मग वही उघडली आणि बुंध्यांचं पान फाडून चुलीत टाकलं. मला ते पान हवं होतं, पण मी तिला थांबवलं नाही.

गुरुवारी निकालपत्रं घेऊन काठावर गेले. होडीत बसायचं नाही असं ठरवून गेले होते. चालत वळसा घालीन, अर्धा दिवस गेला तर जाऊ दे.

पाण्याकडे बघितलं आणि थांबलेच. तलावावर लाल ठिपके होते. काठापासून पार पलीकडच्या वाडीपर्यंत, मधूनमधून, तेलाचे रिकामे डबे लाल रंगवून पाण्यावर तरंगत होते. प्रत्येकाला दोर, दोराला खाली दगड. आमराईच्या जागी पाच डबे होते, ओळीनं.

गेणबा खुशीत होता. "हैबतराव सायबांनी चार मान्सं धाडली व्हती, बाई. मंगळवारी आली, काल झालंबी. मी जागा दावत गेलो, ती डबं सोडत गेली. आता पुढं कुनी बसाया नगं. बसा, कुटंबी बसा!"

मी मधल्या फळीवर बसले. होडीत आणखी चारपाच माणसं होती, वाडीकडे निघालेली. पुढचं टोक रिकामं होतं. गेणबा मान वाकडी करून डबे बघत सरळ चालला होता, मला विचारायची त्याला गरज नव्हती. पहिल्यांदाच त्या होडीत मला काही काम नव्हतं, आणि मला बसवत नव्हतं.

"दोन दिवसांचं काम होतं?" मी विचारलं.

"व्हय की. दीड म्हना."

"दोर तुमच्याकडे होता. डबे वाण्याकडे पडलेले असतात. जागा तर तुम्हाला झोपेतही माहीत."

"व्हय."

"मग माझ्या वडिलांचा खांदा मोडला तेव्हा का नाही लावले, मामा?"

गेणबानं वल्हं थांबवलं. त्यानं खरंच आठवून बघितलं. कपाळाला आठ्या घालून, मनापासून. आणि मग जे आठवलं ते सरळ सांगून टाकलं.

"तवा कुनाला लागलंच न्हवतं न्हवं, बाई."

मी उठून उभी राहिले. चालत्या होडीत उभं राहू नये, हे मला कुणी सांगायला नको. होडी डुगडुगली, बाया ओरडल्या, गेणबा माझ्याकडे बघत राहिला. पलीकडचा काठ येईपर्यंत मी तशीच उभी होते, आणि मला बस म्हणायला त्याचं तोंड उघडलं नाही.